तळओळीत न आलेला शब्द

“ती म्हणते, ती बरी आहे,” निनाद म्हणाला.

उज्ज्वलाताई पडद्याकडे बघतच राहिल्या. पडद्यावर त्यांच्या मुलाचं इझमीरमधलं स्वयंपाकघर दिसत होतं आणि तिथे उभी राहून त्यांची सून नेहिर आत्तापर्यंत भरभरून बोलत होती. बोलताना तिने हातातला चमचा हवेत गरागरा फिरवला होता, खिडकीकडे बोट दाखवलं होतं आणि मध्येच कुणाची तरी नक्कल करून स्वतःच हसली होती.

“एवढं सगळं बोलली, आणि त्याचा अर्थ नुसता ‘बरी आहे’?”

“तसंच काहीतरी गं आई. ऑफिसातलं सांगत होती.”

“आणि तो चमचा?”

“कुठला चमचा?”

उज्ज्वलाताईंनी कपाळाला हात लावला. पलीकडे नेहिरला एक शब्दही कळला नव्हता, पण सासूचा आविर्भाव बघून तिला हसू आलं.

निनाद पवनचक्क्यांच्या एका कंपनीत कामाला लागला आणि तुर्कस्तानात गेला. तिथेच त्याने नेहिरशी लग्न केलं. मिरजेच्या घरात उज्ज्वलाताई एकट्या उरल्या. त्यांची सगळी नोकरी सांगलीच्या एसटी स्थानकावर गेली होती. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली हे सांगणारा आवाज त्यांचा. निवृत्तीच्या आधी तो आवाज यंत्रात भरून घेतला गेला, त्यामुळे अजूनही कुणी सांगली स्थानकावर उभं राहिलं तर उज्ज्वलाताईच त्याला तासगावच्या गाडीकडे पाठवत. आयुष्यभर आवाजावर पोट भरलेली ही बाई. सून काय बोलते ते आपल्याला कळत नाही, ही गोष्ट तिच्या जिव्हारी लागली होती.

कानात घालायचं भाषांतराचं यंत्र निनादने पाठवलं होतंच. आता ते सगळ्यांकडेच असे. पण ते घातलं की नेहिर तोंड उघडायची आणि कानात भलताच सपाट, गुळगुळीत आवाज मराठी बोलू लागायचा. दोन वेळा वापरून त्यांनी ते डबीत ठेवून दिलं.

“हिचा आवाज कुठाय यात?” त्या निनादला म्हणाल्या. “मला तिचं बोलणं ऐकायचंय. बातम्या नाही ऐकायच्या.”

“मग तुर्की शीक,” तो गमतीने म्हणाला.

“शिकते की,” उज्ज्वलाताई म्हणाल्या.

*

पुण्यातल्या काही तरुण मंडळींनी तेव्हा ‘तळओळ’ नावाचं यंत्र बाजारात आणलं होतं. परदेशी मालिका बघता बघता ती भाषा यावी, यासाठी. दिसायला ते फूटपट्टीएवढं होतं आणि टीव्हीच्या वरच्या कडेला चिकटवायचं होतं. त्यातले छोटे कॅमेरे बघणाऱ्याच्या डोळ्यांकडे बघत.

कल्पना साधी होती. आपण वाचतो तेव्हा डोळे ओळीवरून सरळ सरकत नाहीत, उड्या मारत जातात. ओळखीच्या शब्दावर ते क्षणभर टेकतात, अनोळखी शब्दावर रेंगाळतात, कधी मागे वळून पुन्हा त्याच शब्दापाशी येतात. मेंदूला कष्ट पडले की डोळ्याची बाहुली किंचित मोठी होते. हे आपल्याला कळत नाही, पण कॅमेऱ्याला कळतं. त्यावरून कोणता शब्द आपल्याला येतो, कोणता अर्धवट येतो आणि कोणता मुळीच येत नाही, याचा हिशेब यंत्र सतत मांडत असे.

सुरुवातीला पडद्याखालची ओळ संपूर्ण मराठीत असे. मग तिच्यात एखादा तुर्की शब्द देवनागरीत डोकावू लागे. त्याच्यावर नजर रोखली की चित्र थांबे, पात्र तेच वाक्य पुन्हा सावकाश म्हणे आणि अर्थ बाजूला उमटे. हळूहळू ओळीतलं मराठी कमी होई, तुर्की वाढे आणि मग जे शब्द पक्के झाले ते ओळीतून गळून जात. शेवटी ओळच राहत नसे. आपण नुसतं ऐकत असू, आणि कळत असे.

उज्ज्वलाताईंनी एक मालिका निवडली. एका गल्लीतली बेकरी, ती चालवणारी मुनेव्वर नावाची ठसकेबाज बाई आणि बेकरीची किल्ली सारखी हरवणारा तिचा भाचा. दुपारचं जेवण झालं की त्या टीव्हीसमोर बसत. पहिल्या काही दिवसांतच त्यांना गंमत वाटू लागली. तुर्कीतही क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं. तिथेही जवळच्याला ‘तू’ आणि मानाच्या माणसाला ‘तुम्ही’. साबणाला साबुन, हवेला हावा, हप्त्याला हाफ्ता. “अहो शरयूवहिनी,” त्या शेजारच्या शरयू मान्यांना सांगत, “अर्धी भाषा तर आपल्याकडचीच आहे!” त्यांच्या सांगण्यावरून शरयूवहिनींनीही ती मालिका लावली, पण साध्या टीव्हीवर, हिंदीतली.

यंत्र पात्रांना प्रश्नही विचारायला लावी. मुनेव्वर मध्येच पडद्यातून बाहेर बघून म्हणे, “सांग बघू, माझी किल्ली कुठे असेल?” उज्ज्वलाताई मोठ्याने उत्तर देत. चुकलं तर मुनेव्वर भुवई उडवी. ती बाई आता त्यांना मैत्रिणीसारखी वाटू लागली होती.

आणि एके दिवशी निनाद घरात नसताना त्यांनी नेहिरला फोन लावला.

“होश बुल्दुक,” असं काहीतरी त्या घाईत म्हणाल्या. पाहुण्याने घरात आल्यावर म्हणायचे शब्द. नेहिर आधी चकित झाली, मग खुर्चीत बसून पोट धरून हसली.

“तुम्ही बेकरीवालीसारख्या बोलता!” ती म्हणाली. आणि उज्ज्वलाताईंना ते पूर्ण कळलं. कुणी मध्ये उभं न राहता.

त्यानंतर फोन वाढत गेले. नेहिर बंदरातल्या प्रयोगशाळेत समुद्राचं पाणी तपासायचं काम करायची. तिचा साहेब चालताना बदकासारखा डुलतो, हे उज्ज्वलाताईंना तिने सांगितलं. चमच्याची नक्कल त्याचीच होती. काही महिन्यांनी ‘तुम्ही’ गळून पडलं आणि ती त्यांना ‘तू’ म्हणू लागली. आन्ने, म्हणजे आई, आणि तू.

पुढे एका सकाळी तिचा फोन आला. चेहरा लाल झालेला, डोळे चमकणारे.

“आन्ने, मी हामिले आहे.”

हा शब्द उज्ज्वलाताईंना चांगलाच येत होता. मालिकेतल्या डोहाळ्यांच्या, पाळण्याच्या प्रसंगांवर यंत्र त्यांना रेंगाळू देई. त्या इतक्या जोरात ओरडल्या की शरयूवहिनी धावत आल्या.

“निनादला सांगितलंस?”

“संध्याकाळी सांगणार. पहिल्यांदा तुला.”

त्या दिवशी उज्ज्वलाताईंनी गल्लीत पेढे वाटले. बाळंतपणाला इझमीरला जायचं ठरलं. त्या झबली शिवायला बसल्या आणि तुर्कीतले बाळांचे शब्द पाठ करू लागल्या.

*

पाचवा महिना लागला होता. दुपारी फोन वाजला. पडद्यावर नेहिर एकटीच होती, बिछान्यात उशीला टेकून बसलेली. केस विस्कटलेले.

“आन्ने,” ती म्हणाली. तिने पांघरूण छातीपर्यंत ओढून घेतलं. मग म्हणाली, “ओनु काय्बेत्तिक.”

उज्ज्वलाताईंना दोन्ही शब्द येत होते. ‘ओनु’ म्हणजे त्याला, तिला किंवा ते. तुर्कीत माणूस आणि वस्तू यांना एकच सर्वनाम. आणि ‘काय्बेत्तिक’ म्हणजे आम्ही हरवलं. मुनेव्वरचा भाचा दर दोन भागांआड हेच म्हणत असे.

त्यांना वाटलं, पोरीचं काहीतरी हरवलंय आणि दिवस गेलेले असल्यामुळे तिला त्याचंही रडू येतंय. त्या हसल्या. अगदी मायेने हसल्या.

“काय हरवलं? किल्ली का?” त्या तुर्कीत म्हणाल्या. “काळजी करू नको. सापडेल. नीट शोध, घरातच असेल कुठेतरी.”

नेहिर त्यांच्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावरचं काहीच हललं नाही. मग पडदा काळा झाला.

उज्ज्वलाताईंनी परत फोन लावला. तिने घेतला नाही. थोड्या वेळाने निनादचा आला.

“आई, तू काय म्हणालीस तिला?”

“काय म्हणाले? तिचं काहीतरी हरवलंय म्हणाली, तर मी म्हटलं शोध, सापडेल.”

निनादने डोळे मिटून घेतले. तो कुठल्या तरी पांढऱ्या, लांबलचक जागेत उभा होता.

“आई, बाळ गेलं,” तो म्हणाला. “परवा. तिला स्वतःला तुला सांगायचं होतं. मी म्हटलं होतं मी सांगतो, तर नाही म्हणाली. आणि आता म्हणते, आन्ने हसली.”

*

संध्याकाळपर्यंत उज्ज्वलाताई जागच्या उठल्या नाहीत. शरयूवहिनी आल्या, त्यांना सगळं कळलं, त्यांनी चहा करून आणला.

“पण मला कसं कळलं नाही?” उज्ज्वलाताई पुन्हा पुन्हा तेच म्हणत होत्या. “इतके महिने ऐकतेय. बाजारात काय म्हणतात, रागावल्यावर काय म्हणतात, सगळं येतं मला. माणूस गेलं तर काय म्हणतात ते कधी ऐकलंच कसं नाही?”

“नाही कसं? मुनेव्वरचा नवरा नाही का गेला?”

“तो तर परगावी आहे. कामासाठी गेलाय.”

शरयूवहिनींनी कप खाली ठेवला. “परगावी? अहो ताई, तो दहाव्याच भागात वारला. इस्पितळात. पुढचे चार भाग ती बाई नुसती रडतेय. म्हणून तर एकटी बेकरी चालवते.”

मग उज्ज्वलाताई उठल्या आणि शेजारच्या घरात गेल्या. शरयूवहिनींनी आपल्या टीव्हीवर तो भाग लावला आणि रिमोटवरून मूळ तुर्की आवाज सुरू केला.

इस्पितळाचा बोळ. दार उघडून डॉक्टर बाहेर येतो, डोक्यावरची टोपी काढतो. मुनेव्वर उभी. डॉक्टर म्हणतो, “ओनु काय्बेत्तिक.” मग गल्लीतली माणसं एकेक करून मुनेव्वरच्या घरी येतात. प्रत्येक जण तिचा हात हातात घेऊन सांत्वनाचे तेच ते शब्द म्हणतो, “बाशन सा ओल्सुन.” उज्ज्वलाताईंनी ते शब्द जन्मात ऐकले नव्हते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तळओळीच्या पुण्याच्या ऑफिसला फोन केला. गार्गी नावाच्या मुलीने तो घेतला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि काहीतरी तपासलं.

“काकू, तुमच्याकडे ‘निवांत’ पद्धत चालू आहे,” ती म्हणाली. “सगळ्यांच्याच यंत्रात ती आधीपासून असते. बघा, थोडं कुतूहल आणि थोडी मजा असली की नवा शब्द मेंदूत नीट बसतो. भीती वाटली, दुःख दाटून आलं, की शरीरात ताणाची रसायनं वाढतात आणि नवं काही शिकणं अवघड जातं. म्हणून एखाद्या प्रकारचा प्रसंग माणसाला फार लागतोय असं दिसलं, तर यंत्र तसे प्रसंग टाळतं. मालिकेत सांधा दिसू नये म्हणून मधल्या दोन ओळी स्वतःच जुळवतं.”

“म्हणजे नवरा परगावी गेला, हे यंत्राने जुळवलं?”

“हो.”

“आणि मला लागतंय हे त्याला कसं कळलं?”

“पहिल्याच आठवड्यात, काकू. इस्पितळ आलं की तुमच्या बाहुल्या एकदम मोठ्या व्हायच्या आणि नजर पडद्यावरून निघून जायची. तीन-चार वेळा तुम्ही उठून आत गेलात.”

चहा टाकायला. उज्ज्वलाताईंना आठवलं. घरात कुणी निनादच्या बाबांचा विषय काढला तरी त्या हेच करत. शशिकांत कारंडे मिरजेच्या एका इस्पितळात बरेच दिवस होते आणि तिथेच संपले. त्याला तीन वर्षं होऊन गेली होती. त्याविषयी त्या निनादशीही कधी बोलल्या नव्हत्या.

“मला विचारायचं तरी,” त्या म्हणाल्या.

“यंत्राने विचारलं होतं, काकू. तुमच्या डोळ्यांना.”

“डोळ्यांना विचारलंत. मला कुठे विचारलंत?”

“यंत्रातला ‘निवांत’चा भाग आमच्याच गटाने लिहिलाय,” गार्गी म्हणाली. “शिकताना कुणी दुखावलं जाऊ नये, एवढंच आमच्या मनात होतं. असं होईल हे खरंच डोक्यात आलं नाही. मी आत्ता ती पद्धत बंद करते. पण काकू, एकट्या बसून बघू नका.”

त्यांनी एकटीने बघितलं नाही. रोज दुपारी शरयूवहिनी येऊन शेजारी बसत. यंत्राने टाळलेलं सगळं आता येऊ लागलं. पहिल्या दिवशी इस्पितळाचा बोळ दिसताच उज्ज्वलाताई उठल्या. स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेल्या, तिथे चौकट धरून उभ्या राहिल्या आणि परत येऊन बसल्या. शरयूवहिनींनी त्यांचा हात आपल्या मांडीवर घेतला. खालच्या ओळीत नवे शब्द येत होते. ते लवकर पाठ होत नव्हते, गार्गी म्हणाली होती तसंच. उज्ज्वलाताई एकेक वाक्य पुन्हा पुन्हा थांबवत आणि कोरड्या ओठांनी म्हणत.

*

“आत्ता नको येऊस, आई,” निनाद म्हणाला. “ती कुणाशीच बोलत नाही.”

“ती नको म्हणते की तू?”

त्याने मान खाली घातली.

“मी तिच्याशी बोलायला येत नाही,” उज्ज्वलाताई म्हणाल्या. “घरात दोन वेळचं रांधायला कुणी आहे का? तेवढं करेन. ती बोलली नाही तरी माझं काही म्हणणं नाही.”

इझमीरच्या घरी नेहिरने दार उघडलं. ती खूप बारीक झाली होती. तिने वाकून त्यांच्या हाताचं चुंबन घेतलं, तो कपाळाला लावला. तिथे थोरांना असाच नमस्कार करतात.

“होश गेल्दिनिझ,” ती म्हणाली. या, बसा. तिने पुन्हा ‘तुम्ही’ केलं होतं.

उज्ज्वलाताईंनी ते ऐकलं आणि चपला काढून सरळ स्वयंपाकघरात गेल्या.

पुढचे दिवस असेच गेले. निनाद कामावर जाई. नेहिर खोलीत पडून असे. उज्ज्वलाताई मुगाचं वरण, भात, कधी घट्ट दह्यातली कोशिंबीर करून तिच्या दाराशी ताट ठेवत आणि निघून येत. ताट कधी अर्धं, कधी तसंच परत येई. बाळासाठी ठेवलेल्या छोट्या खोलीचं दार बंद होतं. तिकडे त्या गेल्या नाहीत. शिवलेली झबली त्यांनी मिरजेलाच ठेवली होती. यंत्रही आणलं नव्हतं.

एका दुपारी त्या बाल्कनीत मटार सोलत बसल्या होत्या. खाली रस्त्यावर ट्राम जात होती आणि घरांच्या फटीतून समुद्राचा तुकडा दिसत होता. मागे दार वाजलं. नेहिर बाहेर आली, समोरच्या खुर्चीत बसली आणि तिने भांड्यातल्या मूठभर शेंगा आपल्या ओंजळीत घेतल्या.

उज्ज्वलाताईंच्या तोंडात सगळे शब्द तयार होते. महिनाभर घोकलेले. पण ते एकदम कुठे गेले कळेना.

“त्या दिवशी मी हसले,” त्या म्हणाल्या. “मला शब्द माहीत नव्हता. किल्लीचा माहीत होता. माणसाचा नव्हता.”

“निनादने सांगितलं मला. यंत्राचं.” नेहिर शेंग सोलत होती. “तुमचा दोष नाही हे मला कळतं. पण ते हसणं कानातून जात नाही.”

“नाही जाणार,” उज्ज्वलाताई म्हणाल्या. “मी जा म्हणणार पण नाही.”

थोडा वेळ दोघी मटार सोलत राहिल्या.

“निनादचे बाबा,” उज्ज्वलाताई म्हणाल्या, “इस्पितळात होते. खूप दिवस. एका खोलीत. काच होती. सगळीकडे नळ्या. त्या खोलीला काय...”

“योउन बाकम,” नेहिर हळूच म्हणाली. अतिदक्षता.

“तिथे. ते मला म्हणाले, तू जाऊन खाऊन ये. मी खाली गेले. चहा घेतला. गरम होता, म्हणून थांबले. थंड व्हायला. मग वर आले, तर त्यांच्या खाटेवरची...” त्यांनी हाताने अंथरलेली चादर दाखवली.

“चार्शाफ.”

“चार्शाफ बदलत होते. नर्स. मी विचारलं, यांना कुठे नेलं? ती काही बोलली नाही. मी पण परत विचारलं नाही.” उज्ज्वलाताईंनी हातातली शेंग भांड्यात ठेवली. “निनाद तेव्हा विमानात होता. त्याला वाटतं, मी त्यांच्याजवळ होते. त्याला मी हे सांगितलेलं नाही. कुणालाच नाही. तुझ्या भाषेत पहिल्यांदा सांगतेय.”

नेहिरचे हात थांबले होते.

“तुमच्या भाषेत कसं म्हणतात?” तिने विचारलं. “माणूस गेल्यावर?”

उज्ज्वलाताईंनी तोंड उघडलं. हे वाक्य त्यांनी कधी उच्चारलंच नव्हतं. झालं ते झालं, असंच म्हणत आल्या होत्या.

“शशिकांत वारले,” त्या मराठीत म्हणाल्या.

“वारले?” नेहिरच्या कपाळाला आठी पडली. “वार? आमच्याकडे वार म्हणजे ‘आहे’.”

“माहीत आहे मला.”

“आणि तुमच्याकडे वार म्हणजे...”

“हो.”

नेहिरने ओंजळीतले दाणे भांड्यात टाकले आणि ती बोलू लागली. कुठे दुखायला लागलं, गाडीत काय झालं, डॉक्टरने सोनोग्राफीचा पडदा कसा दुसरीकडे वळवला. आधी हळू, मग भराभर, मग रडत, शब्द गिळत. उज्ज्वलाताईंना त्यातलं निम्मंही कळत नव्हतं. त्यांनी तिला थांबवलं नाही, एकाही शब्दाचा अर्थ विचारला नाही. बाळ म्हणजे मुलगी होती, एवढं त्यांना कळलं. तिला केस होते, एवढं कळलं. त्यांनी खुर्ची पुढे ओढली. नेहिरचं डोकं त्यांच्या खांद्यावर आलं आणि मांडीवरचं भांडं कलंडून मटार बाल्कनीभर झाले.

“बाशन सा ओल्सुन,” उज्ज्वलाताई तिच्या केसांत म्हणाल्या. उच्चार चुकला होता. नेहिरने तो दुरुस्त केला नाही.

बऱ्याच वेळाने ती उठली, तिने तोंड धुतलं आणि आतून येऊन दारात उभी राहिली.

“उद्या माझ्याबरोबर येशील, आन्ने?”

*

सकाळी दोघी ट्रामने गेल्या, मग एका छोट्या बसने टेकडी चढल्या. नेहिरच्या वडिलांनी तिथे जागा बघितली होती. उंच सरूची झाडं, खाली पसरलेलं बंदर आणि नुकतंच पाणी घातलेल्या मातीचा वास. लहान मुलांचा भाग एका कोपऱ्यात होता. नेहिर पुढे चालत होती. एका ठिकाणी ती थांबली.

हातभर जागा. भोवती पांढरे गोटे लावलेले. दगड अजून बसवला नव्हता, नुसती एक लाकडी पाटी होती. तिच्यावर रोमन अक्षरांत एकच शब्द लिहिला होता. उज्ज्वलाताईंनी तो जुळवत जुळवत वाचला. कारंडे.

इतक्या दूरच्या मातीत आपलं आडनाव होतं. पदर तोंडाला लावून त्या उभ्या राहिल्या.

नेहिर खाली वाकली. झोपलेल्या लेकराच्या अंगावरून फिरवावा तसा तिने मातीवरून हात फिरवला आणि हळू आवाजात म्हणाली, “बाबाआन्नेन गेल्दी.”

हा शब्द उज्ज्वलाताईंनी कुठल्याच मालिकेत ऐकला नव्हता. पण बाबा दोन्ही भाषांत बाबाच असतात. आन्ने म्हणजे आई. बाबांची आई. तुझ्या बाबांची आई आलीय.

त्या गुडघे टेकून मातीत बसल्या.

“आले गं बाळा,” त्या मराठीत म्हणाल्या. “आले.”